केंगेलेनीची दिवाळी

आमच्या मुलीला शाळेनं दिवाळीची सुट्टी दिली, तीही न मागता. २०११ सालची गोष्ट. केनियातल्या मोंबासाला येऊन आम्हाला जेमतेम सात महिने झाले होते. वर्गशिक्षिकेनं वहीत चिठ्ठी लिहून पाठवली होती की उद्या बुधवारी तुमचा सण आहे, मुलगी आली नाही तरी चालेल. खाली शुभेच्छाही होत्या. मुलगी तेव्हा दुसरीत. चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाली, "मम्मी, पण दिवाळी आपली नसते ना?"

"नसते," मी म्हणाले.

"मग उद्या शाळेत जाऊ?"

मी म्हणाले, "नको." का म्हणाले ते तिनं विचारलं नाही. सुट्टी मिळाल्यावर कारणं कोण विचारतं! मी मात्र रात्रभर त्यावर विचार करत होते.

आम्ही नाशिकचे, शरणपूर भागातले. माझ्या पणजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती. नवरा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू. एका संस्थेनं त्याला केनियाच्या किनाऱ्यावर खेड्यापाड्यांतल्या पाळकांना शिकवायला पाठवलं आणि त्याच्याबरोबर मी आणि दोन मुलं गेलो. 'मिशनरी' म्हटलं की आपल्याकडे अजून गोरा माणूस डोळ्यांसमोर येतो. खरं सांगायचं तर माझ्याही येतो. आपणच ते आहोत याची सवय व्हायला मला वर्ष लागलं.

दिवाळी आपली नसते, हे मलाही लहानपणीच कळलं होतं. पण कसं कळलं, ते सांगायला हवं. आमच्या चाळीत आमच्याखेरीज ख्रिस्ती घरं दोनच. दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या दाराबाहेर रांगोळी नसायची, पहाटेचं उटणं नसायचं. पण फराळाचं ताट यायचं. एक नाही, सात-आठ. पप्पांचा नियम होता : फराळ खायचा, नैवेद्याचं खायचं नाही. आता ताटातली कुठली करंजी देवापुढून आली आणि कुठली डब्यातून, हे ओळखायचं कसं? तो प्रश्न शेजारच्या काकूंनी आमच्यासाठी कधीच सोडवून टाकला होता. त्या आमचं ताट सगळ्यांच्या आधी, पूजेआधीच आणून द्यायच्या आणि दारातूनच सांगायच्या, "अजून देवाला दाखवलेलं नाही हो, निवांत खा." त्यांच्या घरचा रिवाज देवाआधी कुणाला द्यायचा नाही हाच असणार. आमच्यासाठी त्या तो मोडत होत्या. पण हे मला खूप नंतर, लग्न झाल्यावर लक्षात आलं. तेव्हा आम्ही भावंडं फक्त चकल्या मोजत होतो.

ताट रिकामं परत द्यायचं नाही हा चाळीचा कायदा. दिवाळीत आई परतीच्या ताटात साखर घालायची, वाटीभर. खरी परतफेड व्हायची नाताळात. नाताळचा आमचा फराळ म्हणजे तोच : करंज्या, शंकरपाळे, चकली, अनारसे. वर केक. काकूंसाठी आई एक केक बिनअंड्याचा करायची आणि त्याचं भांडंही वेगळं असायचं. "अंड्याचा हात लागलेला नाही," असं ती दारातूनच सांगायची. आता विचार करते, तर दोघींची वाक्यं एकाच साच्यातली वाटतात.

आणि आकाशकंदील. तो आम्ही लावायचो नाही, पण दिवाळी संपली की मेन रोडवर कंदील निम्म्या किमतीत मिळायचे. पप्पा दोन आणायचे, त्यांच्या कामट्या सोडवायचे आणि त्यातूनच नाताळची चांदणी बांधायचे. उरलेल्या फुलबाज्याही तशाच येत. म्हणजे काय, दिवाळी आमच्या घरी यायची ती दोन महिने उशिरा आणि येशूच्या नावानं.

मोंबासात हा सगळा हिशेब चुकला.

तिथं आम्ही राहायला होतो बेटाच्या उत्तरेला, न्याली पुलापलीकडे, फ्रियर टाउनजवळ. एका अंगणाभोवती चार बिऱ्हाडं, अंगणात नळ एक. तिन्ही शेजारणी किनाऱ्यावरच्या, दोघी मुसलमान, एक आमच्यासारखी ख्रिस्ती. त्यांच्या लेखी आम्ही 'वाहिंदी', भारतीय. भारतीय म्हणजे दुकानदार, भारतीय म्हणजे गुजराती बोलणारा, भारतीय म्हणजे शाकाहारी, आणि भारतीय म्हणजे दिवाळी. आम्ही ख्रिस्ती आहोत म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न यायचा, "मग तुम्ही गोअन का?" केनियात हिंदुस्थानी ख्रिस्ती माणूस म्हणजे गोव्याचा, हे पक्कं ठरलेलं. इंग्रजांच्या काळात तर शिरगणतीतसुद्धा 'इंडियन' आणि 'गोअन' असे दोन वेगळे रकाने होते. आमच्यासाठी रकानाच नव्हता. मराठी बोलणारा, भाकरी खाणारा, ख्रिस्ती. बाजारातल्या गुजराती शेठजींना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी फार आस्थेनं विचारलं, "पण मूळचे कोण?"

एका बाबतीत मात्र पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक एकमेकांना 'सलाम' म्हणतो. पत्राचीही सुरुवात 'प्रभू येशूच्या नावात सलाम' अशी. मोंबासात रस्त्यावर भेटलेलं माणूस विचारतं, "सलामा?" त्यावर आपण म्हणायचं, "सलामा." नवरा म्हणाला, हे बरं झालं, निम्मी भाषा येतेच. तसा स्वाहिलीत आपला माल पुष्कळ आहे : गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी', विम्याला 'बिमा'. फक्त 'मामा' म्हणजे आई. मला सगळे मुलीच्या नावापुढे मामा लावून हाक मारायचे. तिचा खरा मामा नाशिकहून फोन करायचा आणि मागून "मामा, मामा" ऐकून ओ द्यायचा.

आता त्या जागेबद्दल. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक चौक आहे, त्याला केंगेलेनी म्हणतात. 'केंगेले' म्हणजे घंटा, केंगेलेनी, घंटेपाशी. तिथं खरोखरच एका मनोऱ्यात जुनी घंटा टांगलेली आहे. गुलामांचे व्यापारी चालून आले तर वस्तीला सावध करण्यासाठी ती बांधली, असं तिथं सगळे सांगतात. ही वस्ती म्हणजे फ्रियर टाउन. १८७४-७५ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीनं मुक्त केलेल्या गुलामांसाठी ती वसवली आणि बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं. हे फ्रियर म्हणजे १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर असलेले तेच. १८७३ मध्ये झांजीबारच्या सुलतानाकडे गुलामांचा व्यापार थांबवण्याचा करार करायला त्यांनाच पाठवलं होतं.

इथवर मला नकाशावरून माहीत होतं. एका रविवारी उपासनेनंतर एक म्हातारे गृहस्थ नवऱ्याजवळ आले आणि विचारू लागले की तुम्ही इंडियात कुठले. मुंबईजवळचे, असं आम्ही सवयीनं सांगितलं. "मुंबईजवळ कुठले?" नाशिक. त्यांनी नवऱ्याचा हात सोडलाच नाही. "नासिक?" म्हणाले. "आमचे लोक नासिकचे."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक होते आहे. झाली नव्हती. इंग्रजांच्या आरमारानं अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली की त्यांतली माणसं मुंबईला उतरवली जात. त्यांतली पोरकी मुलं मिशनांच्या हवाली होत, आणि पुष्कळशी येत नाशिकच्या शरणपूरला. शरणपूर, शरण आलेल्यांचं गाव. तिथं त्यांना लिहा-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. पुढे त्यांतलेच काही आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या सफरीत गेले. लिव्हिंग्स्टन १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेच्या पोटात वारला, तेव्हा बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज तिथं झाडाखाली पुरलं आणि देह कित्येक महिने वाहून समुद्रापर्यंत आणला. त्या झाडाच्या बुंध्यावर अक्षरं कोरणारा जेकब वेनराइट हा शरणपूरला शिकलेला. १८७४ च्या एप्रिलात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा पेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

शरणपूरचं ते आश्रयस्थान चालवणारे प्राइस नावाचे मिशनरीच पुढे मोंबासाला फ्रियर टाउन उभारायला गेले. शरणपूरला शिकलेली आफ्रिकी माणसं पाळक, शिक्षक, कारागीर म्हणून फ्रियर टाउनला आणि जवळच्या राबाईला कामाला लागली. त्यांना मोंबासात म्हणत 'बॉम्बे आफ्रिकन'. म्हणजे मुंबईत आफ्रिकी आणि आफ्रिकेत मुंबईकर. शाळेत असताना मी शरणपूर रोडवरून रोज सायकलनं जायचे. बसस्टॉपची पाटी सोडली तर त्या नावाचा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. तो कळायला समुद्र ओलांडून घंटेपाशी यावं लागलं.

नवरा गमतीनं म्हणाला, आपण काही पहिले नाशिकचे मिशनरी नाही, आपला नंबर फार मागे आहे. मला मात्र एकच गोष्ट सुचत राहिली. ही मुलं नाशिकला वाढली म्हणजे अश्विन-कार्तिकात गोदाकाठचा उजेड त्यांनी पाहिला असणारच, तळणाचा वास शरणपूरपर्यंत आला असणारच. त्यांचाही सण नव्हता तो.

तर तो बुधवार. सुट्टी मिळालेली मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, नवरा राबाईकडे शिकवायला गेलेला आणि मी. सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना समोरची शेजारीण म्हणाली, "सिकुकू येनू?" तुमचा सण ना आज?

नाही म्हणायला काय हरकत होती? आमचा नाही, हिंदूंचा आहे, आमचा नाताळ. एवढी स्वाहिली मला येत होती. पण ते वाक्य घशातून बाहेर येईना. नाशिकला ते किती सोपं होतं! तिथं 'आमचा नाही' म्हटलं तरी चार पावलांवर ज्यांचा आहे ते होते आणि त्यांचं ताट येणार होतं. इथं मी नाही म्हटलं तर त्या अंगणात दिवाळी कुणाचीच नसणार होती.

मी म्हणाले, "न्दियो." हो.

आणि मग पंचाईत. हो म्हटलं, आता करायचं काय? मी पिशवी उचलली आणि मुलांना घेऊन कोंगोवेआच्या बाजारात गेले.

मैदा मिळाला, रवा मिळाला, साखर, वेलदोडे. बेसनाला तिथं 'उंगा वा डेंगू' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरले होते. पोहे मिळाले नाहीत, ते बेटावरच्या गुजराती दुकानात, म्हणजे चिवडा बाद. चकलीची भाजणी मी घरी भाजली : तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे. दळायला गेले पोशो मिलमध्ये. ती गिरणी मक्याची. चक्कीवाल्यानं डब्याचा वास घेतला, मान हलवली, आणि मक्याच्या मागोमाग माझं घालून दिलं. सोऱ्या मी नाशिकहून आणला होता. (सामान वीस किलोच न्यायचं होतं, त्यात सोऱ्या कशाला, असं नवरा म्हणाला होता. नाताळाला लागेल, असं मी म्हणाले होते.) मक्यामुळे चकली काही वळेना. दर चकलीचे तीन तुकडे. मुलगा ते तुकडे तळणीतून निघाल्या निघाल्या संपवत होता, त्याला आख्खी चकली कशी असते ते आठवतही नव्हतं.

करंजीचं सारण अडलं. सुकं खोबरं कुठंच नाही. ओला नारळ मात्र बोट दाखवाल तिथं. मी विळी आणली नव्हती, तेव्हा समोरचीनं तिचं 'म्बुझी' आणून दिलं. म्बुझी म्हणजे शेळी. बसायला लाकडी पाट आणि पुढे दातेरी पातं. आपली खोवणीच, फक्त घडी होणारी. तिनं मला बाजूला सारून स्वतःच तीन नारळ खोवले. मी शिजवत होते, ती विचारत होती. हे आत भरायचं? मग तळायचं? तिच्याकडे सांबुसा करतात, त्यामुळे करंजी हा प्रकार तिला लगेच कळला. पण आत गोड आहे म्हटल्यावर तिला फार हसू आलं.

ओल्या नारळाची करंजी टिकत नाही, हे कोकणातल्या बायकांना सांगायला नको. त्यात ऑक्टोबरअखेरचा मोंबासाचा उकाडा. दिवाळी म्हणजे पहाटेची थंडी, हे समीकरण तिथं चालतच नाही. विषुववृत्त चार अंशांवर, हवेला घाम सुटलेला. नाशिकच्या करंज्या पंधरा दिवस डब्यात राहायच्या. ह्या उद्या दुपारपर्यंत आंबणार होत्या. म्हणजे संध्याकाळच्या आत वाटून टाकणं भाग होतं. मला थांबून विचार करायला वेळच मिळाला नाही, हे एका परीनं बरं झालं. घरात होत्या तेवढ्या बशा काढल्या. करंज्या पाच, चकलीचे तुकडे, शंकरपाळे. तिन्ही घरी आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे.

दारात उभी राहिले आणि तोंडून आपोआप निघणार होतं, काकूंचं वाक्य. "अजून देवाला दाखवलेलं नाही." मुसलमान घराच्या दारात, आफ्रिकेत, एका पाळकाची बायको. मी ते गिळलं आणि त्याऐवजी म्हणाले, यात मांस नाही, चरबी नाही, तेल नवीन आहे. तीही खरं तर तेवढ्याचीच खात्री करून घेत होती.

संध्याकाळी मुलीनं हट्ट धरला की दिवे लावू. तिला शाळेत कुणी तरी चित्र काढायला दिलं होतं, त्यात पणत्या होत्या. पणत्या नव्हत्या. मी कणकेचे पाच दिवे केले, तेल घातलं, वाती वळल्या. वळता आल्या, याचंच मला नवल वाटलं. लहानपणी काकूंच्या ओट्यावर बसून शिकले होते. नवरा परत आला तेव्हा ओट्यावर पाच दिवे आणि अंगणातली सगळी पोरं भोवती. तो क्षणभर उभा राहिला. "कुणाची पूजा?" त्यानं विचारलं.

"कुणाचीच नाही," मी म्हणाले. "हिला सुट्टी मिळाली आहे."

त्यानं फोन काढला आणि फोटो घेतला. तो फोटो पुढे फार महागात पडला.

मिशनरी म्हणून बाहेर असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला प्रार्थनापत्र लिहावं लागतं. ज्या मंडळ्या (एकेका चर्चचे लोक) आपल्यासाठी पैसे पाठवतात, त्यांना काम कळवायचं, प्रार्थनेचे विषय द्यायचे. नोव्हेंबरच्या पत्रात नवऱ्यानं तो फोटो घातला, खाली लिहिलं की शेजाऱ्यांशी ओळख वाढते आहे. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दहा दिवसांत एका मंडळीकडून उत्तर आलं. सभ्य भाषेत होतं. अंधारातून प्रकाशात आणण्यासाठी तुम्हाला पाठवलं, आणि तुम्ही तिथं जाऊन दिवाळी करता हे पाहून आम्हाला दुःख झालं. शेवटी बायबलमधल्या पौलाचा संदर्भ, करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा अध्याय.

तो अध्याय मला पाठ आहे. मूर्तीला दाखवलेलं अन्न खावं की नाही, याचीच त्यात चर्चा आहे. पौल म्हणतो, मूर्ती काही नाही, तेव्हा अन्नानं काही बिघडत नाही. आणि पुढे म्हणतो, पण माझ्या खाण्यानं दुबळ्या भावाला अडखळण होत असेल तर मी खाणार नाही. नवरा म्हणाला, "हा अध्याय दोन्ही बाजूंनी वाचता येतो, म्हणून तर सगळ्यांना आवडतो." पण त्यालाही लागलं होतं. त्यानं लांबलचक उत्तर लिहिलं. मी ते पाठवू दिलं नाही. छोटं पाठवलं. पुढच्या वर्षापासून त्या मंडळीची मदत बंद झाली. त्याच कारणानं की नाही, ते त्यांनी लिहिलं नाही.

मला राग आला होता, आणि तो सगळाच त्या मंडळीवर नव्हता. आमच्या पणजोबांना बाप्तिस्मा देणाऱ्या गोऱ्या मिशनऱ्यांनी नाशिकच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आपलं नाताळचं पुडिंग सोडलं नव्हतं. आपले सण त्यांनी बोटीतून बरोबर आणले. आमच्या लोकांनी मात्र गाव, गोत, सण सगळं दाराबाहेर ठेवून आत यायचं. ना. वा. टिळकांसारख्या माणसानं अभंग आणि भजनं आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये आणली म्हणून निदान आमचं गाणं तरी मराठी राहिलं. आणि आता आम्ही स्वतः मिशनरी होऊन परक्या देशात आलो, तर आमच्याजवळ बोटीतून आणायला सण कुठला होता? नाताळ तर तिथं त्यांचाही होता. घरचं म्हणून जे वेगळं होतं, ते सगळं काकूंच्या ताटातलं.

बाजू त्यांचीही होती, हे मी नाकारत नाही. पाठवणाऱ्या मंडळीतली कितीतरी माणसं पहिल्या पिढीची. दिवाळी सोडण्यासाठी त्यांनी घर सोडलं होतं, काहींनी आईबाप सोडले होते. आपल्या पोटाला चिमटा काढून पाठवलेल्या पैशांत कुणी कणकेचे दिवे लावतं, हे पाहून त्यांना काय वाटलं असेल? चार पिढ्यांचं ख्रिस्तीपण अंगावर असल्यावर मला हे खेळणं परवडत होतं. त्यांना नाही.

तडजोड म्हणा किंवा भित्रेपणा म्हणा, पुढच्या वर्षी आम्ही फोटो काढला नाही.

फराळ मात्र केला. २०१२ ला केला, नंतरही दर वर्षी केला. त्या पहिल्या बुधवारच्या बशा परत आल्या होत्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सकाळी. एकही रिकामी नव्हती. एकीत महाम्री : नारळाच्या दुधात मळलेल्या, वेलदोडा घातलेल्या फुगीर तळलेल्या पुऱ्या म्हणा. दुसरीत म्बाझी, म्हणजे आपली तूरच, सबंध दाण्यांची, नारळाच्या रसात शिजवलेली. तिसरीत कैमाती, पाकात घोळलेले गोळे. मी विचारलं नव्हतं, कुणाला कायदा सांगितला नव्हता. दहा दिवसांनी बकरी ईद आली तेव्हा समोरचीनं माझ्याकडे ताट पाठवण्याआधी मुलाला विचारायला धाडलं, "तुम्ही बकऱ्याचं खाता ना? वाहिंदी खात नाहीत म्हणून विचारलं." आम्ही खातो म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. मग नाताळ. त्या नाताळात त्या अंगणात दोन ख्रिस्ती घरं आणि केक चार घरी.

आठ वर्षं गेली. चकली शेवटपर्यंत नीट वळली नाही. पोशो मिलवाला मला पाहिलं की आधी चक्की झाडायचा, तरी मका उतरायचाच. मुलगा मोठा झाला तो चकली म्हणजे तुकडेच असतात असं समजून.

२०१९ मध्ये आम्ही नाशिकला परत आलो. मुलं पंधरा आणि अकरा वर्षांची. आम्ही 'घरी' आलो होतो. ती दोघं घर सोडून आली होती. पासपोर्ट भारताचा, बोलणं आपसांत स्वाहिलीत. थंडीत दोघं कुडकुडायची. पहिल्या दिवाळीला इमारतीत फटाके सुरू झाले तेव्हा मुलगी म्हणाली, "मम्मी, इथं सगळेच वाहिंदी आहेत." मग कोरोनाची दोन वर्षं, त्यांबद्दल काय लिहायचं.

२०२१ च्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी उठले तर स्वयंपाकघरात दोघं आधीच जागी. परातीत पीठ मळून ठेवलेलं, नारळ खोवलेला, तूर कुकरमध्ये. दाराला कागदाचा झेंडा चिकटवलेला, काळा-तांबडा-हिरवा, मध्ये ढाल आणि दोन भाले. १२ डिसेंबर. जामहुरी. १९६३ मध्ये याच तारखेला केनिया स्वतंत्र झाला. आमच्या नाशिकच्या दुसऱ्या मजल्यावर त्याचा कुणालाच पत्ता नव्हता.

नवरा पेपर घेऊन बसला होता. झेंड्याकडे बघून म्हणाला, "फोटो काढू नका हं." आणि आम्ही दोघं खूप हसलो. मुलांना कळलं नाही कशाला.

शेजारी आता त्या जुन्या काकू नाहीत. दुसऱ्या आहेत, तरुण, मुलांना ओरडणाऱ्या. मुलगी बशी घेऊन त्यांच्या दारात गेली. मी मागे उभी होते.

"काय गं हे?"

"महाम्री."

"काय?" काकूंनी बशी एकदम लांब धरली. "महामारी?"

"महाम्री, काकू. खायचं असतं. अंडं नाहीये यात," मुलगी म्हणाली. हे तिला कुणी शिकवलं होतं? मी तर नाही.

काकूंनी दाराच्या फटीतून आमच्या दारावरचा झेंडा पाहिला, मग बशीकडे पाहिलं.

"आज कसला सण तुमचा?"

मुलगी माझ्याकडे बघायलाही वळली नाही.

"आमचा जामहुरी आहे," ती म्हणाली. "गरम आहेत तोवर खा. आणि बशीची घाई नाही."